नवा 'पॉवर फॉरवर्ड' संघात आला; अपेक्षा किती बाळगाव्यात?

गारखेडा परिसरातील विभागीय क्रीडा संकुलात असो वा शहरातील एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर, बास्केटबॉलचे संघ सरावाला उतरले की बघ्यांची नजर आधी एकाच गोष्टीकडे जाते. कोणाकडे उंच खेळाडू किती? त्यातला एखादा चेहरा नवा असला, दुसऱ्या क्लबातून किंवा बाहेरगावाहून आलेला असला, तर सामना सुरू होण्यापूर्वीच निकाल लागतो. 'हा आला, आता रिबाउंड सगळे आपलेच.' पुढे दोन सामन्यांत या पाहुण्याने आठ-दहा गुणच केले की तेच बघे म्हणतात, 'नुसती उंची आहे हो!' ही दोन्ही मते एकाच गैरसमजातून जन्मतात. बास्केटबॉलमध्ये ज्याला 'पॉवर फॉरवर्ड' म्हणतात त्या खेळाडूने नेमके करायचे काय असते आणि नव्या संघात ते जमायला किती काळ लागतो, याची कल्पना नसणे हा तो गैरसमज.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच चालतो असे मानण्याचे कारण नाही. जगातील सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल स्पर्धा असलेल्या अमेरिकेतील एनबीएमध्येही तो घडतो. तेथे फरक असतो तो केवळ रकमेचा. विशेष म्हणजे या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण ज्या संघाचे आहे, त्याची मालकी मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील गटाकडे आहे. तो संघ म्हणजे कॅलिफोर्नियातील 'सॅक्रामेंटो किंग्ज'.

चौथ्या क्रमांकाचा माणूस

बास्केटबॉल संघात एका वेळी पाच जण खेळतात आणि त्यांच्या जागा एक ते पाच अशा आकड्यांनी ओळखल्या जातात. पहिला पॉईंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारा सूत्रधार. दुसरा शूटिंग गार्ड, तिसरा स्मॉल फॉरवर्ड. पाचवा सेंटर, तो बहुधा सर्वांत उंच आणि रिंगच्या सर्वांत जवळ. चौथा आपला पॉवर फॉरवर्ड. नावात 'पॉवर' असल्यामुळे हा धसमुसळा, अंगापिंडाने मजबूत गडी असावा अशी समजूत होते. एके काळी ती बरोबरही होती. रिंगखाली धक्काबुक्की सोसत जागा अडवायची, फसलेला फटका झेलायचा, सहकाऱ्याला मोकळीक मिळावी म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत भिंतीसारखे उभे राहायचे (यालाच 'स्क्रीन' म्हणतात), आणि मग कधीतरी स्वतः गुण करायचे, असा त्याचा दिनक्रम असे.

त्रिगुणी रेषेने हे चित्र बदलले. एनबीएने ही रेषा १९७९ मध्ये स्वीकारली, आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिबा'ने १९८४ मध्ये. पुढे जर्मनीच्या डर्क नोवित्स्कीसारखे उंचेपुरे पॉवर फॉरवर्ड दूरवरून फटके मारू लागले आणि या जागेचा अर्थच पालटला. आज चौथ्या क्रमांकाचा खेळाडू रिंगखालचा पहिलवान असू शकतो, त्रिगुणी रेषेवरचा नेमबाज असू शकतो किंवा मधल्या जागेतून पास देणारा दुसरा सूत्रधारही असू शकतो. तिन्ही गोष्टी तितक्याच सफाईने करणारे खेळाडू विरळा. तेव्हा नवा पॉवर फॉरवर्ड आला असे कळताच पहिला प्रश्न 'किती उंच?' हा नसून 'यांपैकी कोणता?' हा असायला हवा.

उंचीचे म्हणाल तर चार्ल्स बार्कलीची नोंदलेली उंची साडेसहा फूट होती, म्हणजे एनबीएच्या हिशेबाने या जागेसाठी कमीच. तरीही १९८६-८७ च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी १४.६ रिबाउंड घेत साऱ्या स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला. रिबाउंड हा उडीपेक्षा जागेचा खेळ आहे. फटका सुटताक्षणी प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन रिंगपासून दूर ठेवणे, म्हणजेच 'बॉक्स-आउट', ज्याला येते त्याला चार इंच कमी असले तरी चालतात. ज्याला ते येत नाही त्याच्या डोक्यावरून चेंडू निघून जातो.

अपेक्षा आणि गरज यांचा मेळ कसा घालावा, याचा धडा शिकागो बुल्सने १९९५ मध्ये घालून दिला. त्यांनी विल पर्ड्यू हा सेंटर देऊन डेनिस रॉडमन हा पॉवर फॉरवर्ड घेतला. रॉडमन वादग्रस्त होता, रंगीत केसांसाठी प्रसिद्ध होता आणि गुण करण्यात त्याला जवळजवळ रस नव्हता. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती ५.५ गुण आणि १४.९ रिबाउंड. गुणांच्या स्तंभावर बोट ठेवून पाहिले तर ही खरेदी फसलेलीच म्हणावी लागेल! पण मायकेल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन हे गुण करायला समर्थ होते. त्यांना हवा होता तो चेंडू मिळवून देणारा माणूस. त्या हंगामात बुल्सने ८२ पैकी ७२ सामने जिंकले आणि पुढे सलग तीन विजेतेपदे मिळवली. रॉडमनकडून कोणीही वीस गुणांची अपेक्षा केली नाही, हे त्या यशाचे अर्धे रहस्य आहे.

रणदिवे यांचे किंग्ज

विवेक रणदिवे यांचा जन्म १९५७ मध्ये मुंबईत झाला. वयाच्या अवघ्या सोळाव्या-सतराव्या वर्षी ते शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, 'टिब्को' ही संगणक क्षेत्रातील कंपनी उभी केली आणि २०१३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील गटाने सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेतला. त्यांची बास्केटबॉलशी गाठ पडली ती मात्र मुलीच्या शालेय वयाच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून. उंची आणि कौशल्य दोन्ही बेताचे असलेल्या त्या मुलींना त्यांनी संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्यांना अडवण्याचा डाव शिकवला आणि संघ राष्ट्रीय पातळीपर्यंत पोहोचला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये त्यावर लिहिलेला लेख बराच गाजला. कमी उंचीच्या संघानेही जिंकता येते, हा ज्यांचा पहिला अनुभव, त्यांच्याच संघाची पुढची अनेक वर्षे योग्य उंच खेळाडूच्या शोधात जावीत, हा एक गमतीदार योग म्हणायचा.

रणदिवे आले तेव्हा किंग्जची अवस्था बिकट होती. २००६ नंतर हा संघ बाद फेरी म्हणजे 'प्ले-ऑफ' गाठू शकला नव्हता. ही उपासमार अखेर सलग १६ हंगाम चालली. एनबीएच्या इतिहासातील तो नकोसा विक्रम ठरला. अशा संघात येणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूकडे तारणहार म्हणूनच पाहिले जाते.

२०१८ च्या निवड प्रक्रियेत, म्हणजे 'ड्राफ्ट'मध्ये, किंग्जला दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. त्यांनी ड्यूक विद्यापीठाचा मार्विन बॅगली हा १९ वर्षांचा पॉवर फॉरवर्ड घेतला. तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच. पुढे काय झाले ते बास्केटबॉल पाहणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. डॉन्चिच वर्षभरात सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला आणि त्यानंतर स्पर्धेतील अव्वल खेळाडूंत गणला जाऊ लागला. बॅगलीच्या नशिबी मात्र 'डॉन्चिचऐवजी घेतलेला' हे बिरूद आले.

आता आकडे पाहिले तर बॅगलीचा पहिला हंगाम वाईट नव्हता. सामन्यामागे सुमारे २५ मिनिटांच्या खेळात त्याने १४.९ गुण आणि ७.६ रिबाउंड अशी सरासरी राखली. नवोदितांच्या पहिल्या संघात त्याची निवडही झाली. एकोणीस वर्षांच्या चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूकडून याहून अधिक मागणे अन्यायाचेच ठरले असते. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मोडला. त्या वर्षी तो अवघे १३ सामने खेळू शकला. दुखापती, बचावातील उणिवा आणि बाकावर जाणारा वेळ वाढत गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जने त्याला डेट्रॉईटला देऊन टाकले. बॅगली डॉन्चिच नव्हता, हे खरेच. पण चौथ्या क्रमांकाच्या कोवळ्या खेळाडूची तुलना चेंडू सतत हातात असणाऱ्या सूत्रधाराशी करणे हे मुळातच फसवे होते. सूत्रधाराला संधी स्वतः निर्माण करता येते. पॉवर फॉरवर्डला ती बहुतेक वेळा कोणीतरी द्यावी लागते.

याच किंग्जशी भारतीयांच्या आशाही जोडल्या गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये सिम भुल्लर हा साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा, कॅनडात वाढलेला सेंटर किंग्जकडून तीन सामन्यांत काही क्षण खेळला आणि एनबीएत उतरलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेल्या खेळाडूची ती पहिलीच निवड. वृत्तपत्रांनी मथळे सजवले. सतनामला एनबीएचा एकही अधिकृत सामना खेळायला मिळाला नाही. ५२ व्या क्रमांकावरची निवड म्हणजे एनबीएत खेळायला मिळण्याची हमी नव्हे, हे तेव्हा कोणी फारसे सांगितले नाही.

मग आला प्रिन्सपाल सिंग. हा अस्सल पॉवर फॉरवर्ड. उंची सहा फूट दहा इंच. लुधियानाच्या अकादमीत आणि नंतर एनबीएच्या भारतातील अकादमीत घडलेला हा तरुण २०२० मध्ये 'जी-लीग इग्नाईट' या होतकरू खेळाडूंच्या संघात दाखल झाला. त्याच संघात जेलन ग्रीन आणि जोनाथन कुमिंगा होते. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये हे दोघे अनुक्रमे दुसऱ्या आणि सातव्या क्रमांकावर गेले. प्रिन्सपालला अशा सहकाऱ्यांत मिनिटे थोडीच मिळाली. ऑगस्ट २०२१ मध्ये किंग्जने त्याला लास वेगासच्या उन्हाळी स्पर्धेसाठी संघात घेतले. किंग्जने ती स्पर्धा जिंकली आणि एनबीएच्या कोणत्याही पातळीवरील विजेत्या संघात असलेला तो पहिला भारतीय ठरला. बातमी खरी होती आणि अभिमानास्पदही. मात्र त्या विजयात त्याचा वाटा काही मिनिटांचा होता आणि उन्हाळी स्पर्धा ही मुळात चाचणी असते, हा तपशील मथळ्यात मावला नाही. त्यानंतर त्याला एनबीएचे दार उघडले नाही, तेव्हा अनेकांना ते अपयश वाटले. वास्तविक किशोरवयात हा खेळ गांभीर्याने सुरू केलेला एक मुलगा तेथवर पोहोचला, हेच त्याचे यश होते.

एकच खेळाडू, निरनिराळी कामे

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या वरळीतील एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातील पहिले सामने झाले. रणदिवे यांचा किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे ते दोन संघ. पहिला सामना पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला, दुसरा १३०-१०६ असा सहज. पेसर्सच्या त्या संघात दोमांतास साबोनिस हा लिथुएनियाचा पॉवर फॉरवर्ड होता. सोव्हिएत संघाचे विख्यात सेंटर अर्विदास साबोनिस यांचा हा मुलगा. मुंबईत ज्या संघाविरुद्ध तो उभा ठाकला होता, त्याच संघाने सव्वादोन वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०२२ रोजी, त्याला अदलाबदलीत घेतले.

हा व्यवहार साधा नव्हता. किंग्जने त्याबदल्यात प्रामुख्याने टायरीस हॅलिबर्टन हा जेमतेम २१ वर्षांचा पॉईंट गार्ड दिला, सोबत बडी हील्ड हा नेमबाजही. हॅलिबर्टन सॅक्रामेंटोवासीयांचा लाडका होता. साहजिकच ओरड झाली. दोनदा ऑल-स्टार झालेला साबोनिस आला खरा, पण त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची ती कशाची?

उत्तर त्याच्याच मागील कारकिर्दीत दडले होते. २०१६-१७ मध्ये ओक्लाहोमा सिटीकडून त्याने पदार्पण केले, तेव्हा संघाचा सारा डोलारा रसेल वेस्टब्रूकवर उभा होता. वेस्टब्रूक स्वतःच सामन्यामागे ३१.६ गुण आणि १०.७ रिबाउंड घेत होता. साबोनिसला सांगितले गेले, त्रिगुणी रेषेवर उभा राहा आणि चेंडू आला तर मार. रिंगपासून दूर उभ्या असलेल्या खेळाडूला रिबाउंड कुठून मिळणार? आणि जे मिळायचे ते वेस्टब्रूक घेऊन जाई. साबोनिसची त्या वर्षीची सरासरी सहा गुणांच्याही आत आणि चार रिबाउंडच्या आत राहिली. पुढच्या वर्षी तो इंडियानात गेला. तेथे त्याला रिंगच्या जवळ, मधल्या जागेत खेळवले आणि आकडे जवळपास दुप्पट झाले: ११.६ गुण, ७.७ रिबाउंड. २०२०-२१ पर्यंत तो २०.३ गुण, १२ रिबाउंड आणि ६.७ पास अशा सरासरीवर पोहोचला. खेळाडू तोच होता. वयाने आणि अनुभवाने तो वाढला, हे मान्य; पण पहिल्याच उन्हाळ्यात झालेला फरक वयाचा नव्हता, कामाचा होता.

किंग्जमध्ये येताच त्याचे काम पुन्हा बदलले. इंडियानात शेजारी माईल्स टर्नर हा सेंटर असल्याने साबोनिस बहुधा चौथ्या क्रमांकावर खेळे. सॅक्रामेंटोत तो पाचव्यावर गेला. आणि पहिले फळ काय मिळाले? त्या हंगामात तो नव्या संघाकडून अवघे १५ सामने खेळू शकला. किंग्जचा शेवट ३० विजय आणि ५२ पराभव असा झाला. ज्यांनी फेब्रुवारीत चमत्काराची वाट पाहिली होती त्यांची एप्रिलमध्ये निराशा झाली. ही निराशा अटळ होती. हंगामाच्या मध्यावर आलेल्या खेळाडूला सरावाचे दिवस जवळजवळ नसतातच; कोण कुठून धावतो, कोणाला पास छातीवर हवा आणि कोणाला गुडघ्याजवळ, हे सामन्यातच शिकावे लागते.

त्या उन्हाळ्यात माईक ब्राऊन प्रशिक्षक म्हणून आले, केविन ह्युर्टर आणि मलिक मंक हे नेमबाज आले, आणि ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर कीगन मरे हा आणखी एक फॉरवर्ड मिळाला. आक्रमणाची रचना साबोनिसच्या भोवती बांधली गेली. तो फ्री-थ्रो रेषेच्या आसपास चेंडू घेऊन उभा राही; सहकारी त्याच्या अंगाला घासून धावत येत आणि तो त्यांच्या हाती चेंडू सोपवी. दिसायला हे हस्तांदोलनाइतके साधे, पण त्या क्षणी त्याचे शरीर बचावपटूच्या वाटेत आडवे आलेले असे. मरेवर एकच जबाबदारी होती, ती म्हणजे रेषेबाहेर मोकळे राहून फटका मारणे. त्याने त्या हंगामात २०६ त्रिगुणी फटके यशस्वी केले. नवोदिताचा तो तेव्हाचा विक्रम होता. त्याची सरासरी १२.२ गुण आणि ४.६ रिबाउंड होती. जुन्या मापाने मोजले तर 'पॉवर फॉरवर्ड आणि पाचही रिबाउंड नाहीत?' असे कोणी विचारले असते. पण रिबाउंड घ्यायला साबोनिस होता. मरेने त्याला मोकळी जागा करून दिली.

साबोनिसने त्या वर्षी १९.१ गुण, स्पर्धेत सर्वाधिक १२.३ रिबाउंड आणि ७.३ पास अशी कामगिरी केली, तीही डिसेंबरपासून उजव्या अंगठ्याच्या अस्थिभंगासह. किंग्जने ४८ सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरे स्थान मिळवले आणि १६ हंगामांची उपासमार संपली. विजयानंतर मैदानावरून आकाशात सोडला जाणारा जांभळा प्रकाशझोत त्या शहराची ओळख बनला.

त्यानंतर प्ले-ऑफमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सशी गाठ पडली आणि या खेळाडूच्या मर्यादाही उघड झाल्या. केव्हॉन लुनी आणि ड्रेमंड ग्रीन यांनी त्याला दूरवरून मारायला मोकळे सोडले आणि पासच्या वाटा बंद केल्या. त्याचे गुण १९.१ वरून १६.४ वर आले, पास ७.३ वरून ४.७ वर. रिबाउंडमध्ये अव्वल असलेल्या साबोनिससमोर लुनीने तीन सामन्यांत वीस किंवा अधिक रिबाउंड घेतले. सातव्या सामन्यात स्टीफन करीने ५० गुण केले आणि किंग्ज बाहेर पडले. नियमित हंगामात प्रतिस्पर्धी दर दोन दिवसांनी बदलतो; बाद फेरीत तोच संघ सात वेळा समोर येतो आणि तुमचे एकच दुबळे अंग शोधून त्यावरच घाव घालतो. पॉवर फॉरवर्डची किंवा सेंटरची परीक्षा तेथे होते. त्याला दूरचा फटका येतो का, एवढा एकच प्रश्न तेव्हा उरतो.

आपल्या मैदानावर हे आकडे कसे वाचावेत?

दूरचित्रवाणीवर एनबीए पाहून तयार झालेली अपेक्षा गारखेड्याच्या कोर्टवर जशीच्या तशी लागू करणे चुकीचे ठरते. आपल्याकडे फिबाचे नियम चालतात. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, आपला ४० मिनिटांचा. म्हणजे तिकडचे १२ रिबाउंड इकडच्या मापाने १० होतात, तेही त्याच वेगाने खेळ झाला तर. शालेय आणि महाविद्यालयीन सामन्यांत फटके अधिक फसतात, त्यामुळे रिबाउंड उगाच फुगतात, हेही ध्यानात ठेवावे. नव्या खेळाडूने १५ रिबाउंड घेतले असे ऐकले तर आधी विचारावे की एकूण फटके किती फसले, आणि ते १५ आधी संघातल्याच कोणाला मिळत होते का. संघाचे एकूण रिबाउंड वाढले नसतील, तर नव्या माणसाने ते प्रतिस्पर्ध्याकडून नव्हे, आपल्याच सोबत्याकडून घेतले आहेत.

एनबीएत सहा फाऊलनंतर खेळाडू बाद होतो, फिबात पाचव्याच फाऊलला. रिंगखाली झुंजणाऱ्याला ही एक संधी फार मोलाची असते. नव्या संघातील बचावाच्या सवयी माहीत नसल्याने तो मदतीला उशिरा पोहोचतो आणि उशिरा पोहोचलेला उंच खेळाडू हमखास फाऊल करतो. पहिल्या काही सामन्यांत तो दुसऱ्या सत्रातच तीन फाऊल घेऊन बाकावर बसलेला दिसला, तर त्यात नवल नाही. त्याच्या आकड्यांपेक्षा फाऊल दर सामन्यागणिक कमी होत आहेत का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

याहूनही महत्त्वाचा फरक बचावाचा. एनबीएत बचावपटूला कोणाला अडवत नसताना रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. फिबाच्या नियमांत असे बंधन नाही. त्यामुळे आपल्याकडे 'झोन' लावून दोन-तीन जण रिंगखाली ठाण मांडतात आणि उंच खेळाडूच्या हाती चेंडू पडताच त्याला तिघे घेरतात. अशा वेळी तो गुण करू शकला नाही तरी चेंडू बाहेर मोकळ्या सहकाऱ्याकडे फिरवतो का, हे पाहावे. फिरवत असेल आणि बाहेरच्याचा फटका फसत असेल, तर दोष पॉवर फॉरवर्डचा नाही. संघात बाहेरून मारणारे दोघे तरी नसतील तर साडेसहा फुटांचा पाहुणा आणूनही फारसे साधत नाही. हे स्पष्ट सांगायला प्रशिक्षक कचरतात.

शिवाय आपल्याकडे खेळाडू संघात येतो तो बहुधा एनबीएसारख्या अदलाबदलीतून नव्हे. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा संस्थांचे संघ नोकरीच्या रूपाने उंच, गुणी मुले उचलतात. क्लबाकडे आज असलेला मुलगा वर्षभरात दुसरीकडे गेलेला असतो. दोन वर्षे एकत्र खेळून मुरलेली जोडी ही चैन फार थोड्या स्थानिक संघांना परवडते. म्हणूनच मिळालेल्या अल्पकाळात त्याच्याकडून एक-दोनच कामे करून घेणे शहाणपणाचे. बॉक्स-आउट आणि स्क्रीन ही दोन कामे कोणताही उंच खेळाडू पंधरवड्याच्या सरावात नव्या संघाशी जुळवून घेऊ शकतो. मधल्या जागेतून पास देणे, बचावात योग्य क्षणी मदतीला जाणे, यांना महिने लागतात. कोवळ्या वयातील, झपाट्याने उंची वाढलेल्या मुलांच्या बाबतीत तर उघड्या सिमेंटच्या कोर्टवर रोज तासन्‌तास उड्या मारायला लावणे गुडघ्यांच्या मुळावर येते. 'इतका उंच आहे तर धावायला काय होते' हे वाक्य अशा मुलांनी हमखास ऐकलेले असते.

किंमत कोणी मोजली?

साबोनिसच्या व्यवहाराचा हिशेब मात्र आजही वादाचा आहे. २०२३-२४ मध्ये त्याने ८२ पैकी ८२ सामने खेळून १९.४ गुण, १३.७ रिबाउंड आणि ८.२ पास अशी सरासरी दिली. सलग ६१ सामन्यांत गुण, रिबाउंड आणि पास यांपैकी किमान दोन दहा किंवा अधिक, असे सातत्यही दाखवले. तरीही किंग्ज ४६ विजयांनंतर प्ले-ऑफबाहेरच राहिले, कारण पश्चिम विभाग त्या वर्षी अधिक बळकट झाला होता. खेळाडू सुधारला आणि संघ घसरला, हे एकाच वर्षात घडू शकते. एका खेळाडूच्या आकड्यांवरून संघाचे भाकीत करणाऱ्यांनी हा हंगाम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ब्राऊन यांना दूर करण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये डी'आरन फॉक्स हा पॉईंट गार्ड सॅन अँटोनिओला गेला. ज्या सूत्रधाराच्या जोडीने साबोनिसचा खेळ फुलला होता, तोच राहिला नाही. किंग्जने तो हंगाम ४० विजय आणि ४२ पराभवांवर संपवला. तिकडे इंडियानाने हॅलिबर्टनच्या नेतृत्वाखाली जून २०२५ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि ओक्लाहोमा सिटीला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवले. त्याच सामन्यात पहिल्या सत्रात हॅलिबर्टनच्या टाचेची शिर तुटली आणि विजेतेपद हुकले. त्या हंगामातही एनबीएत सर्वाधिक रिबाउंड घेणारा खेळाडू साबोनिसच होता. सरासरी १३.९.